‘पॅरामाउंट इम्पॉर्टन्स’ सोड, तुझी सायकल सांग

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली. बी.एस्सी. नर्सिंग झालं आणि चार वर्षं पुण्यात एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. इंग्लंडला नर्स म्हणून जायचं म्हणून आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दिली. लिसनिंग आणि रीडिंगला ७, रायटिंगला ६.५ आले. स्पीकिंगला मात्र ६ वर अडकले, आणि स्पीकिंगमध्ये ७ लागतात.

परीक्षकांनी पहिल्याच भागात सायकलीवर विचारलं. लहानपणी सायकल होती का, आता चालवता का, तुमच्या शहरात लोक सायकल चालवतात का, सायकल बरी की गाडी. विषय सोपा म्हणून मी खूश झाले. क्लासमध्ये दिलेलं उत्तर पाठ होतं, तेच म्हटलं: ‘येस, ऑफ कोर्स. सायकलिंग इज ऑफ पॅरामाउंट इम्पॉर्टन्स इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड. इट इज ॲन इको-फ्रेंडली मोड ऑफ ट्रान्सपोर्ट अँड इट किल्स टू बर्ड्स विथ वन स्टोन. लास्ट बट नॉट द लीस्ट, हेल्थ इज वेल्थ.’ पुढे बोलत होते तर त्यांनी मध्येच थांबवलं. नंतर मी म्हटलं की आता मी नवऱ्याच्या बाईकवर ड्युटीला जाते, तर त्यांनी काहीतरी भलतंच विचारलं आणि मी गडबडले.

खरं सांगू का, मला आठवीत शाळेतून, मानव विकास या सरकारी योजनेतून, सायकल मिळाली होती. शाळा चार किलोमीटरवर. काकांच्या मोठ्या सायकलवर दांडीखालून पाय घालून आधीच शिकले होते. ओढणी चेनमध्ये अडकून कितीदा तरी पडले. मैत्रिणीला डबलसीट घ्यायचे, चढ आला की दोघी उतरून ढकलायचो. सायकल मिळाली नसती तर शिक्षण बहुधा तिथंच थांबलं असतं. पण असलं गावाकडचं परीक्षेत काय सांगायचं? मला चांगले शब्द आणि चांगलं उत्तर द्या. पुन्हा परीक्षा द्यायची आहे.

– एक नर्स, पुणे

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तू जे ‘असलं गावाकडचं’ म्हणून बाजूला सारलंस, तेच तुझं उत्तर आहे. मी नवं उत्तर लिहून देणार नाही. तुझं आहे ते इंग्रजीत कसं आणायचं, एवढंच सांगते.

आधी पाठ केलेल्या उत्तराचं काय होतं ते बघू. स्पीकिंगचे गुण चार गोष्टींवर असतात आणि चारही गोष्टींना सारखंच वजन असतं: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणाची व्याप्ती आणि अचूकता, उच्चार. तुझ्या विचारांची उंची किंवा सायकलीबद्दलची माहिती या यादीत कुठंच नाही. गुणांचे निकष सगळ्यांना वाचायला खुले आहेत. त्यात ‘पाठ केलेली वाक्यं’ हा उल्लेख अगदी खालच्या पायऱ्यांवर सापडतो, जिथं उमेदवाराचं स्वतःचं वाक्य उभंच राहत नाही. तू त्या पायरीवर मुळीच नाहीस. पण परीक्षक दिवसभर उत्तरं ऐकत असतात. ‘पॅरामाउंट इम्पॉर्टन्स’ कानावर पडलं की हे शब्द कुठून आले ते त्यांना लगेच कळतं, आणि तुझं स्वतःचं इंग्रजी कसं आहे हे तपासायला ते पुढचा प्रश्न टाकतात. तो प्रश्न आला आणि तू गडबडलीस. घोकलेल्या झुळझुळीत वाक्यांनंतर अडखळलेली साधी वाक्यं आली की आहे त्याहून जास्त फरक जाणवतो.

शिवाय ते प्रश्नाचं उत्तरही नव्हतं. प्रश्न होता, लहानपणी तुझ्याकडे सायकल होती का. तू जगाच्या धावपळीबद्दल बोललीस. सुसंगतीचे गुण इथंच जातात.

मध्येच थांबवलं याचं मनाला लावून घेऊ नकोस. पूर्ण मुलाखत तीन भागांची, ११ ते १४ मिनिटांची, त्यातला पहिला भाग चार-पाच मिनिटांचा. तेवढ्यात त्यांना बरेच प्रश्न संपवायचे असतात. एका प्रश्नाला तीन-चार वाक्यं झाली की ते पुढे जाणारच. तुझं काही चुकलं म्हणून ते थांबवत नाहीत.

आता तुझी सायकल घेऊ. पत्रातलं तुझं मराठी मी पुन्हा वाचलं. ‘डबलसीट घ्यायचे’, ‘दोघी ढकलायचो’, ‘आधीच शिकले होते’, ‘मिळाली नसती तर थांबलं असतं’. वरच्या बँडला, म्हणजे गुणांच्या वरच्या पायरीला, व्याकरणात जी विविधता लागते ती सगळी तुझ्या या चार ओळींत आहे. ‘घ्यायचे, ढकलायचो’ हे इंग्रजीत ‘युज्ड टू’ किंवा ‘वुड’. ‘आधीच शिकले होते’ म्हणजे ‘हॅड ऑलरेडी लर्न्ट’. ‘मिळाली नसती तर’ म्हणजे ‘इफ आय हॅडन्ट गॉट इट, आय वुडन्ट हॅव…’. क्लासमध्ये हे प्रकार वेगवेगळ्या तासांना शिकवतात आणि परीक्षेत एकही आठवत नाही. खरी आठवण सांगायला लागलीस की ते आपोआप लागतात, कारण त्यांच्याशिवाय ती आठवण सांगताच येत नाही. ‘सायकलिंग इज इको-फ्रेंडली’मध्ये साध्या वर्तमानकाळापलीकडे काही वापरायला जागाच नाही. दिवसभर तसं बोललीस तरी व्याकरणाचा गुण वर सरकणार नाही.

पहिल्या प्रश्नाला तू असं काही म्हणू शकतेस:

‘येस, आय डिड. आय गॉट वन व्हेन आय वॉज अबाउट थर्टीन, थ्रू अ गव्हर्न्मेंट स्कीम फॉर गर्ल्स हू लिव्ह्ड अ फ्यू किलोमीटर्स फ्रॉम देअर स्कूल. माय स्कार्फ युज्ड टू गेट कॉट इन द चेन, सो आय फेल ऑफ क्वाइट अ लॉट. बट इफ आय हॅडन्ट गॉट दॅट बायसिकल, आय प्रॉबब्ली वुडन्ट हॅव फिनिश्ड स्कूल.’

हे पाठ करू नकोस. त्यात एकही अवघड शब्द नाही, एवढं फक्त बघ. ‘एट्थ स्टँडर्ड’च्या जागी वय सांगितलं, कारण इयत्तांची नावं देशोदेशी वेगळी असतात आणि वय सगळ्यांना कळतं. मानव विकास कार्यक्रम, त्यातले १२५ तालुके, आठवी ते बारावीच्या मुली, पाच किलोमीटरची अट हे सगळं सांगत बसायची गरज नाही. ‘गव्हर्न्मेंट स्कीम फॉर गर्ल्स’ पुरे. त्यांना कुतूहल वाटलं तर ते विचारतील, आणि तो प्रश्न तुला सोपा जाईल.

ओढणी ठेवच. ‘सायकलिंग इज गुड फॉर हेल्थ’ कुणीही म्हणेल. ओढणी चेनमध्ये अडकणं हे सायकलवरून शाळेत गेलेल्या मुलीलाच माहीत असतं, आणि तिथं तुझा आवाज आपोआप बदलतो. मी अनेक मुलामुलींची तयारी करून घेतली आहे. स्वतःचा तपशील आला की सपाट सूर मोडतो, नेमक्या शब्दावर जोर पडतो. उच्चाराच्या गुणांत हा जोर आणि चढउतारही मोजला जातो, त्यामुळे खरं सांगितल्याचा फायदा तिथंही होतो.

तू चांगले शब्द मागितलेस. देते, पण क्लासच्या यादीतले नाहीत. शब्दसंपत्तीत नेमका शब्द नेमक्या क्रियापदाबरोबर येतो की नाही हे पाहतात, आणि आपली अडचण अशी की सायकलीचे निम्मे शब्द आपण मराठीतही इंग्रजीच वापरतो, त्यामुळे ते तसेच चालतील असं वाटतं. सगळे चालत नाहीत. सायकल पंक्चर झाली याला ‘माय सायकल पंक्चर्ड’ म्हणू नकोस, ‘आय गॉट अ पंक्चर’ म्हण. हवा भरली म्हणजे ‘फिल्ड एअर’ हे आपल्याकडचं इंग्रजी. तिकडे ‘पम्प्ड अप द टायर्स’ म्हणतात. चेन उतरली, ‘द चेन केम ऑफ’. डबलसीट हा शब्द इंग्रज माणसाला कळणार नाही. ‘माय फ्रेंड युज्ड टू राइड ऑन द बॅक’ म्हणालीस की चित्र उभं राहतं. सीटला ‘सॅडल’ म्हणतात, पण ‘सीट’ही चालतं. दांडी म्हणजे ‘क्रॉसबार’.

दांडीखालून पाय घालून शिकलीस, त्याला इंग्रजीत तयार शब्द शोधू नकोस, वर्णन कर: ‘माय अंकल्स सायकल वॉज टू बिग फॉर मी, सो आय लर्न्ट विथ वन लेग थ्रू द फ्रेम, अंडर द क्रॉसबार.’ शब्द अडला की त्याला वळसा घालून अर्थ पोहोचवणं ही वरच्या बँडची खूण आहे. निकषांतही तसं म्हटलं आहे. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या सायकलीतलं सगळ्यात चांगलं वाक्य हेच.

चढ आला की: ‘व्हेनेव्हर वी केम टू अ हिल, वी वुड बोथ गेट ऑफ अँड पुश.’ बघ, ‘वुड’ किती सहज आलं.

‘वन्स इन अ ब्लू मून’, ‘किल टू बर्ड्स’ यांना हात लावू नकोस. म्हणी बोलण्याच्या ओघात आल्या तर ठीक. गुणांसाठी आणून चिकटवल्या की चिकटवल्यासारख्याच दिसतात.

आता बाईकचा गोंधळ. आपल्याकडे बाईक म्हणजे मोटरसायकल. इंग्लंडमध्ये नुसतं ‘बाईक’ म्हटलं, आणि विषय सायकलीचा चालू असला, तर ऐकणारा सायकलच समजणार. म्हणजे परीक्षकांना वाटलं असणार की तू नवऱ्याच्या सायकलवर बसून कामाला जातेस. तेव्हा ‘मोटरबाईक’ किंवा ‘स्कूटर’ असं स्पष्ट म्हण. आणि ‘ड्युटीला जाते’ हे ‘गो फॉर ड्युटी’ नको, ‘आय गो टू वर्क’ किंवा ‘व्हेन माय शिफ्ट फिनिशेस’. तिकडच्या वॉर्डातही तुला ‘शिफ्ट’ हाच शब्द रोज ऐकू येईल. त्याच उत्तरात आणखी एक चूक फार जणांकडून होते: ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फोर इयर्स’. मराठीत ‘चार वर्षांपासून करतेय’ म्हणतो म्हणून असं येतं. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फोर इयर्स’ तोंडात बसू दे. हा काळ जवळपास प्रत्येक मुलाखतीत लागतो.

उच्चारात दोनच गोष्टी घट्ट कर. बायसिकल. आपल्या तोंडात ‘बायसायकल’ बसलेलं असतं, कारण सायकल आणि मोटरसायकल दोन्हीकडे ‘सायकल’च ऐकू येतं. इथं मात्र ‘सिकल’, आणि जोर पहिल्या ‘बाय’वर. आणि व. मराठीत एकच व आहे, इंग्रजीत दोन. ‘व्हेरी’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘वर्क’, ‘वॉक’, आणि चाकाचं ‘वील’ म्हणताना ओठ गोल होतात, दात कुठंच टेकत नाहीत. आरशासमोर उभी राहून कर, फरक डोळ्यांनीच दिसेल.

शहरात लोक सायकल चालवतात का, या प्रश्नाला तू ‘सायकलिंग इज व्हेरी पॉप्युलर इन इंडिया’ म्हटलं असणार. तू पुण्यात राहतेस, तर पुण्याबद्दल बोल. हे शहर एकेकाळी सायकलींचं म्हणून ओळखलं जायचं. आता रस्ते दुचाकी आणि मोटारींनी भरलेत. काही रस्त्यांच्या कडेला सायकल ट्रॅक आहेत, पण त्यांवर गाड्या लावलेल्या असतात. २०१७-१८च्या सुमारास भाड्यानं मिळणाऱ्या सायकली आल्या, आणि गेल्याही. यातलं तू जे स्वतः पाहिलं असशील तेवढंच घे. ‘पुणे युज्ड टू बी नोन ॲज अ सिटी ऑफ बायसिकल्स, बट दीज डेज मोस्ट पीपल राइड स्कूटर्स. देअर आर सायकल लेन्स ऑन सम रोड्स, दो यू ऑफन फाइंड कार्स पार्क्ड ऑन देम.’ तेव्हा आणि आता अशी तुलना आली की काळ बदलतात, ‘बट’ आणि ‘दो’ येतात, वाक्यं एकमेकांना धरून चालतात.

‘अकॉर्डिंग टू अ सर्व्हे’ म्हणून मनची टक्केवारी सांगायला काही ठिकाणी शिकवतात. मला हे अजिबात पटत नाही. परीक्षक आकडा तपासणार नाहीत हे खरं, पण त्यासाठी गुणही देणार नाहीत. आणि उद्या तू अशा वॉर्डात काम करणार आहेस जिथं आकडा खरा असावाच लागतो.

तिसऱ्या भागाची तयारी वेगळी. दुसऱ्या भागात विषय लिहिलेलं एक कार्ड देतात. ते प्रवासाचं किंवा वाहनाचं आलं तर तिसऱ्या भागात मोठे प्रश्न येऊ शकतात: लोक सायकल का सोडतात, सरकारनं काय करावं, शहरात मोटारी कमी व्हाव्यात का. इथं ‘माझी सायकल’ पुरत नाही, मत लागतं, आणि मतामागचं कारण. पण मत मांडायला तुला दुसरीकडे जायची गरज नाही. तू नर्स आहेस. रस्त्यावर अपघात झालेली माणसं तुझ्यासमोर येतात. डॉक्टर ज्यांना रोज व्यायाम करा म्हणून सांगतात ते मधुमेहाचे रुग्ण तूच सांभाळतेस. ‘ॲज अ नर्स, आय सी बोथ साइड्स’ अशी सुरुवात कर आणि दोन्ही बाजू सांग: सायकल तब्येतीला चांगली, पण वेगळी लेन नसेल तर त्याच रस्त्यावर ती धोक्याची. मग ‘सो आय वुड से द गव्हर्न्मेंट शुड बिल्ड सेफ लेन्स फर्स्ट, अँड देन आस्क पीपल टू सायकल.’ एवढंही पुरेसं आहे.

एखादं बाहेरचं उदाहरण हाताशी हवंच असेल तर नेदरलँड्सचं ठेव. तिथं माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत, पण हे कायमच असं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथंही मोटारी वाढल्या. १९७० च्या दशकात रस्त्यांवर मुलं मरू लागली म्हणून पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलसंकटात तर काही रविवारी मोटारी बंदच ठेवल्या. त्या काळापासून सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधणं सुरू झालं. यावरून तुझा मुद्दा नीट उभा राहतो: लोकांच्या सवयी बदलतात, आधी रस्ता बदलावा लागतो. कथा सगळी सांगू नकोस, दोन वाक्यांत आटप.

तू ज्या देशात चालली आहेस तिथलीही एक गोष्ट सांगते, ती परीक्षेनंतरही उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये ‘सायकल टू वर्क’ नावाची योजना १९९९ पासून आहे. योजनेत सामील असलेल्या मालकाकडे काम करणाऱ्याला सायकल घेता येते आणि तिचे पैसे कर कापण्याआधीच्या पगारातून हप्त्यानं वळते होतात. एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, अनेक रुग्णालयांत ती आहे. सरकारनं काय करावं असं विचारलं तर हे सांगता येईल.

दुसऱ्या भागासाठी वेगळी कथा शोधू नकोस. एक मिनिट तयारी, मग दोन मिनिटांपर्यंत बोलणं. कार्ड येतात ती अशी: लहानपणी शिकलेलं एखादं कौशल्य, मिळालेली एखादी वस्तू, मोठ्या माणसाकडून शिकलेलं काही, आठवणीतला प्रवास. तुझी सायकल या चारही ठिकाणी बसते. काकांची मोठी सायकल कौशल्यात, शाळेची सायकल मिळालेल्या वस्तूत, मैत्रिणीबरोबरचा चढ प्रवासात. फक्त कार्डावर जे विचारलंय त्याच टोकापासून सुरुवात कर.

सराव करताना पूर्ण उत्तर कागदावर लिहू नकोस. लिहिलंस की ते पाठ होतं, आणि पाठ झालं की पुन्हा तोच घोळ. कागदावर तीनच शब्द लिही: ओढणी, चढ, शाळा. फोनवर रेकॉर्डिंग लाव आणि बोल. दुसऱ्या दिवशी त्याच तीन शब्दांवर पुन्हा बोल, वाक्यं वेगळी येऊ देत. ऐकताना सगळ्या चुका एकदम धरू नकोस. एका दिवशी फक्त ‘युज्ड टू’ नीट येतंय का ते बघ, दुसऱ्या दिवशी ‘अ’ आणि ‘द’ कुठं गळतात ते. मराठीत हे दोन नसल्यामुळे ‘आय गॉट सायकल’ सगळ्यांच्याच तोंडून निघतं.

आणि कुणीतरी मध्येच अडवायला हवं. चहाच्या सुट्टीत एखाद्या सहकारी नर्सला सांग, मी बोलतेय तेव्हा कुठंही थांबवून ‘व्हाय?’ किंवा ‘हाऊ डिड यू फील?’ विचार. तुझी गाडी अडली ती पाठ उत्तर संपल्यावरच्या प्रश्नाला. त्याची सवय एकटीनं बोलून होत नाही. प्रश्न नीट कळला नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ म्हणायला अजिबात लाजू नकोस. त्यानं गुण जात नाहीत, न कळता भलतं बोललीस तर जातात.

तुझे बाकी तीन विभाग जमलेत, त्यामुळे दुसऱ्या महागड्या क्लासची गरज मला दिसत नाही. सरावाला दोन महिने दे आणि तारीख घेण्याआधी तुझं ड्युटीचं वेळापत्रक बघ. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीची स्लॉट घेऊ नकोस. झोप झालेली नसेल तर मराठीतही शब्द सापडत नाहीत, आणि त्या दिवशी तुला इंग्रजीत बोलायचं आहे.

– तुझी ताई